दोन्ही काटे एकाच आकड्यावर

शाळेतल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राला दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्या होत्या, आणि दोन्हींवरचे काटे एकाच आकड्यावर होते. एक तबकडी पाणी आत शिरतं तिथे, दुसरी बाहेर पडतं तिथे. गाळणीतून जाताना पाण्याचा दाब थोडा तरी उतरतोच. इथे केसभरही उतरला नव्हता.

तिने पाणी बंद केलं, पाना लावला आणि निळ्या भांड्याचं झाकण फिरवलं. आत गाळणी नव्हती. झिजलेली नव्हती, तुंबलेली नव्हती, नव्हतीच. ती बसवायच्या खाचेवर एक ओरखडाही नव्हता.

बाहेर कंपनीचा सेवादिन रंगात आला होता. पिवळे शर्ट घातलेले कर्मचारी शाळेची भिंत रंगवत होते. विक्री विभागातल्या साहेबांनी भिंतीपेक्षा स्वतःलाच जास्त रंगवलं होतं, आणि मुलं खिदळत होती. कधीकाळी ती याच शाळेत शिकली होती. आता ती कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि कंपनीचं समाजकार्य तिचा थोरला भाऊ पाहत होता. वर्षापूर्वी त्यानेच हे यंत्र शाळेला मिळवून दिलं. तपासणीच्या कागदावर सही तिची होती.

गेले तीन महिने ती बाहेरच्या नळाचे नमुने नेत होती. तिन्ही वेळा चाचणीच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी काळं पडलं, म्हणजे पाण्यात जंतू होते. तिन्ही वेळा तिने दादाला सांगितलं. "गाळणी बदलून घेतो. शाळेच्या बाईंना उगीच घाबरवू नकोस," तो म्हणायचा. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं होतं. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिवाय शाळेत पाणी उकळूनच देतात, अशी ती मनाची समजूत घालायची. यंत्राच्या खोलीची किल्ली दादाकडे असे. आज रंगाचे डबे ठेवायला खोली उघडली होती, म्हणून ती आत आली.

दादा तिला शोधत आला. उघडं भांडं पाहून त्याने दार लोटून घेतलं.

"यात गाळणीच नाहीये, दादा."

"हळू बोल. मोठे साहेब आलेत. पुढच्या वर्षी बसवू."

"मग तीनदा बदलली ती कुठली?"

"अगं चिमे, नळाला पाणी येतंय ना? झालं तर."

"मग माझी सही कशाला घेतलीस? कुणाचीही चालली असती."

"कुणाची कशी चालेल? बाई विश्वास ठेवणार तो तुझ्यावरच," तो कौतुकाने म्हणाला.

लहानपणी ताप आला की हाच माणूस तिच्या उशाशी बसायचा.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई दार ढकलून आत आल्या. "इथे काय दडून बसलीस गं? चल, साहेबांसमोर मुलं पाणी पिणार आहेत. तुझ्यावाचून फोटो काढू देणार नाही मी."

"बाई, पाणी उकळलेलं आहे ना?"

"आता कशाला उकळायचं? तुझी सही झाली त्याच दिवशी मावशींनी शेगडी माळ्यावर टाकली. आमचीच मुलगी सही करणार, आणि शंका आम्ही काढायची होय?"

दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, उशीर होतोय."

तिने तो हात बाजूला केला आणि अंगणात आली. नळ सोडलेला होता. रांगेतल्या पहिल्या मुलीने पेला भरून तोंडाजवळ नेला होता. कॅमेरेवाला एक डोळा मिटून उभा होता. तिने मुलीच्या हातातून पेला काढून घेतला आणि पाणी जमिनीवर ओतलं.

"बाई, हे पाणी कुणालाच देऊ नका. यंत्रात गाळणी कधी नव्हतीच. मी आत न पाहता सही केली." ती थांबली. दादा मान हलवून नको नको म्हणत होता. "आणि पाणी खराब आहे, हे मला तीन महिन्यांपासून ठाऊक आहे."