कुंभवतीचे पहिले आचमन

नदी शुद्ध झाल्याचा निर्वाळा देणाऱ्या शास्त्रज्ञाने तिचे जल सर्वांसमक्ष प्राशन करावे, असा सरकारी नियम होता. आणि आचमन दांपत्यानेच करावे, असा गावाचा आग्रह. म्हणून पर्यावरण खात्याच्या डॉ. हैमवती टेंबे पती श्रीनिवासरावांसह कुंभवतीच्या घाटावर आल्या होत्या. त्यांनी सोडलेल्या जंतूंनी वर्षभरात नदीतले सारे प्लास्टिक फस्त केले होते. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता.

दोघांनी भक्तिभावाने आचमन केले.

"बाई, तुमच्या जंतूंना आवरा हो!" म्हातारे धोंडीबा गुरव म्हणाले. "आठवडाभर चोरून पाणी पितोय, तर माझी कवळीच खाल्ली की मेल्यांनी!"

त्यांनी तळहातावर कवळी धरली. वाळवी लागलेल्या लाकडासारखी तिची चाळण झाली होती. घाटावर हशा पिकला.

हैमवतीबाई मात्र जागीच थिजल्या. हे जंतू रक्तात उतरले तरी माणसाला बाधत नाहीत, हे त्यांनीच सिद्ध केले होते. माणसाच्या देहातही प्लास्टिक असू शकते, हे मात्र त्यांच्या ध्यानी आले नव्हते. आणि गतवर्षी श्रीनिवासरावांच्या हृदयात बसवलेली झडप प्लास्टिकचीच होती.

"अहो, पिऊ नका! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!"

"असं काय करतेस गं? अमृत आहे हे!" म्हणत त्यांनी दुसरी ओंजळही रिती केली.

बाईंनी हात त्यांच्या छातीवर ठेवला. आतले ठोके संथपणे पडत होते, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा पडेपर्यंत बाईंचा श्वास अडकून राहत होता.