डावा खांदा

दुपारी दोन चाळीसला गुरुदत्त तळघरातून वर आला, तेव्हा त्याच्या हातात फ्रेम होती आणि फ्रेममधून पाणी गळत होतं.

वॉटर हीटर फुटला होता. काचेमागे कागदाचा लगदा आणि शाईचा निळा डाग, एवढंच उरलं होतं.

"आईला सांगू नकोस," तो बायकोला म्हणाला.

उत्तरानं दिवाणखान्याकडे पाहिलं. मार्च २००५. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या घरात सोफ्याच्या जागी आता हॉस्पिटलचा बेड होता आणि बेडवर तिची सासू, मालिनी. आता एक-दोन दिवसच, असं नर्स सकाळीच सांगून गेली होती. बेड मावावा म्हणून भिंतीवरची फ्रेम गुरुदत्तनंच तळघरात नेऊन ठेवली होती. आणि सकाळपासून आई एकच मागत होती, "माझं स्केच आणा. एकदा बघू दे."

तीन गाऊन्सचं स्केच. १९५६ साली, लग्नाआधी, मालिनी पॅरिसमध्ये आंद्रे व्हालमों नावाच्या डिझायनरकडे वर्षभर भरतकाम करत होती. ती निघताना त्यानं ते स्वतःच्या हातानं काढून तिला दिलं, असं ती सांगे. पुढे वूस्टरमधल्या तिच्या शिवणाच्या दुकानात ते काउंटरमागे टांगलेलं असे. लग्न ठरलेल्या मुली आधी स्केच बघत, मग मापं देत.

"तू काढ," गुरुदत्त म्हणाला. "तुझं ड्रॉइंग चांगलं आहे."

"मी सेकंड ग्रेडला सफरचंद काढायला शिकवते, गुरू."

"प्लीज. ती वाट बघतेय."

दुकानातला एक जुना फोटो सापडला. मालिनी काउंटरवर, मागे फ्रेम. दोन गाऊन स्पष्ट होते. तिसऱ्यावर फ्लॅशचा पांढरा गोळा.

"तिसरा कसा होता रे?"

"लांब होता. खांद्यावरून काहीतरी सोडलेलं. मी कशाला नीट बघतोय?"

उत्तरानं तिसरा अंदाजानं काढला. खांद्यावरून झुळझुळीत कापड मागे सोडलं. हात आपोआप वळला. व्हालमोंची सही मात्र तिला जमेना. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून अख्ख्या नावाखालून जात होती. तिनं सहीचा कोपरा कोराच ठेवला.

ती कागद फ्रेममध्ये बसवत असताना गुरुदत्त लॅपटॉप घेऊन आला. चेहरा उतरलेला.

"व्हालमोंचे गाऊन बघ. हा, हा, हा पण. कापड कायम उजव्या खांद्यावर. तू डाव्यावर टाकलंस."

उत्तरानं आपल्या चित्राकडे पाहिलं. "पदर टाकल्यासारखं झालं."

"आईला कळेल. तिची नजर माहितीय ना तुला? चेंज कर."

"शाई आहे. कसं चेंज करू?"

आतून आवाज आला, "मिळालं का रे?"

गुरुदत्तला आत जायचा धीर झाला नाही. तो दाराशीच थांबला. उत्तरानं फ्रेम नेऊन सासूच्या पोटावर टेकवून धरली.

मालिनी बराच वेळ बघत राहिली. बोट काचेवरून पहिल्या गाऊनवर गेलं, दुसऱ्यावर गेलं आणि तिसऱ्याच्या खांद्यावर थांबलं.

"आई," उत्तरा म्हणाली, "तो खांदा..."

"डावाच. बरोबर आहे."

दाराशी गुरुदत्तनं डोळे मिटून घेतले.

"जरा बाहेर काढ," मालिनी म्हणाली.

"काय, आई?"

"कागद. काचेतून काढ. आणि पेन्सिल दे."

उत्तरानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. तिनं कागद काढला, खाली पुठ्ठा धरला, पेन्सिल सासूच्या बोटांत दिली. सकाळपासून त्या हाताला पाण्याचा पेलाही धरवला नव्हता.

मालिनीनं कोरा कोपरा शोधला. मग एका दमात, पेन्सिल न उचलता, तिनं आंद्रे व्हालमोंची सही केली, नावाखालून मागे वळणाऱ्या शेपटीसकट. "तेव्हाही मीच केली होती," ती म्हणाली.