जांभळं आभाळ

ते म्हातारे गृहस्थ पुन्हा त्याच चित्रापाशी येऊन उभे राहिले, तशी कॅरल खुर्चीतून उठली.

गिरगावातल्या त्या छोट्या हॉलमध्ये सकाळपासून लोक येऊन तिची चित्रं पाहून जात होते. तिचा पाय मात्र एका जागी ठरत नव्हता. चित्रं सगळी मोकळ्या रानाची. भातखाचरं, मिठागरं, एखादी उघडी टेकडी. माणूस एकातही नाही. आणि वर प्रत्येक चित्रात तेच जांभळं आभाळ, रंगाच्या सुरीने थापलेलं, जमिनीवर कोसळायला आलेलं. तिचा भाऊ वॉरेन आत शिरताच म्हणाला होता, "छत्री आणायला हवी होती गं." ती हसली नव्हती.

त्या जांभळ्या रंगाची हकिगत तिने परवा वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत पहिल्यांदाच सांगितली होती. काळाचौकीच्या एका गल्लीत ती दहीहंडीची स्केचेस करायला गेली होती. थर आधी कोणी लावायचे यावरून दोन गोविंदा पथकांत जुंपली. बांबू निघाले, लोक पळाले आणि गल्लीच्या तोंडाशी माणसावर माणूस पडला. ती पाठीवर पडली, सगळ्यांच्या खाली. जांभळ्या जर्सीतला एक दांडगा पोरगा तिच्यावर कोसळला आणि त्याच्यावर सारी गल्ली. ती वाचली. तो एकटा गेला.

गेलेल्या माणसावर राग धरू नये, हे तिला कळत होतं. पण भांडायचं यांनी आणि चिरडायचं आपण, हे मनातून जात नव्हतं. त्याचं नावही तिने कधी विचारलं नाही. तेव्हापासून तिला उताणं झोपता येत नसे. डोळे मिटले की तो रंग छातीवर येऊन बसायचा. चित्रं काढून तो उतरेल असं वाटलं होतं. उलट एक चित्र संपलं की दुसऱ्यासाठी हात शिवशिवायचे.

"काका, काही विचारायचंय का?"

त्यांनी चष्मा काढला. नाव रमाकांत. घोडपदेवला राहतात, कारकुनी करून निवृत्त झालेले. मुलाखत वाचून आलो, म्हणाले. मग त्यांनी हात जोडले.

"तो जांभळ्या जर्सीतला आमचा मुलगा, वैभव. त्याच्यापायी तुम्हाला फार सोसावं लागलं. माफी मागायला आलोय, बाई. तो असता तर त्यालाच कान धरून आणला असता."

कॅरलने मनात जपून ठेवलेलं सगळं कडू बोलणं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. हात खाली घ्या, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

चेहरा लपवायला ते चित्राकडे वळले. आपल्याला चित्रांतलं काही कळत नाही, पण मघापासून एक गोष्ट खटकतेय, असं ते म्हणाले. आभाळ जिथे जमिनीला टेकायला हवं, तिथे उजेडाची एक बारीक पट्टी होती. सगळ्याच चित्रांत होती. एवढं खाली आलेलं आभाळ टेकत का नाही?

"मला टेकवता येत नाही," कॅरल म्हणाली. "तो अंगावर होता तेव्हा त्याच्या छातीखाली एवढीच फट होती. तिथून हवा यायची. तेवढ्यावर मी श्वास घेतला."

"तुम्हाला बाहेर काढेपर्यंत राहिली ती फट?"

"हो."

"आणि त्याचे हात?"

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने डोळे मिटले. तिचे तळवे आपोआप कानांच्या दोन बाजूंना गेले.

"इथे," ती म्हणाली. "आणि इथे. जमिनीत रोवल्यासारखे. नुसते थरथरत होते."

रमाकांतांनी चष्मा पुन्हा चढवला आणि वाकून ती पट्टी जवळून पाहिली.

"तो पहिल्या थरात असायचा, बाई," ते म्हणाले. "वरचा शेवटचा पोर उतरेपर्यंत जागचा हलायचा नाही."