पाणी मुरण्याचा वेग

मृदसंधारणवाल्या ममताने लोखंडी कडं उतारावर घणाने ठोकून बसवलं, त्यात पाणी ओतलं, आणि पाणी गेलं. मुरलं म्हणावं, तर मुरायला काही वेळ लागतो. हे कुणीतरी घटाघटा प्यावं तसं गेलं.

"पुन्हा ओता."

योगिताने हंडा कलता केला. "आमी खालच्या विहिरीवरनं डोक्यावर वाहायचं, आन मॅडम मातीला पाजणार," ती सासूला म्हणाली.

धोंडीबाई हसली नाही. ती खाली ओघळाकडे बघत होती. गेल्या पावसात त्याने निम्मं शेत नदीला पोचवलं होतं आणि या तुकड्यापासून चार पावलांवर तो थांबला होता. यंदा तो इथवर येऊ नये, म्हणून म्हातारीने स्वतः जव्हारला जाऊन ममताला आणलं होतं.

ममताने कडं थोडं सरकवून ठोकलं. इथे पाणी शहाण्यासारखं तुंबून राहिलं. आणखी थोडं सरकवलं, आणि पुन्हा घटाघट. दुपार कलेपर्यंत हेच चाललं. शेवटी टॅबमधल्या मॉडेलने सगळी मोजणी जुळवून नकाशा काढला. तांबड्या उतारावर निळे ठिपके. लांबट, हात-दीड हाताचे, सगळे एकाच दिशेला आडवे.

ममताला वाटलं, काहीतरी बिघडलंय. इतकी शिस्त निसर्गात नसते. सरकारी वृक्षारोपणातही नसते.

मॉडेल मात्र ठाम होतं. माती जिथे भरभर पिते तिथे चर खणावा, म्हणजे पाऊस जिरतो आणि माती वाहत नाही. निळ्या ठिपक्यांवरून त्याने चराची रेघही मारून दिली.

"आजी, चर इथे येईल. सोमवारी जेसीबी पाठवते."

"इथं खणायचं नाय."

"अहो, इथे पेरलेलंही काही नाही."

"इथं आमी नांगर नाय घालत, बाय." धोंडीबाई कड्याजवळ उकिडवी बसली. "त्या साली पण मोजाया आलते. वजनकाटा घेऊन. पोरं मोजली नि गेले."

योगिताने हंडा खाली ठेवला.

टॅब टिंग वाजला. ठिपक्यांना नावं दिल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. "बिंदूचे नाव?" ममताने सवयीने मोठ्याने वाचलं.

"ती माघी," धोंडीबाईने बोट दाखवलं. "त्या अंगाला सोम्या." मग तिने कड्यावर हात ठेवला. "हिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. धाकली लिही."

ममताने लिहिलं. मग चराची रेघ पुसली आणि पाणी वरच्या वर वळेल अशी दुसरी ओढली, पार वर, कातळाच्या कडेने. 'अयोग्य जागा', टॅबने लाल अक्षरांत कळवलं. तिने 'तरीही पुढे चला' दाबलं.

निघताना ती कडं उपसायला वाकली. कड्यात आता थेंबही नव्हता. घोटांचा आवाज मात्र येत होता.

"राहू दे, बाय," म्हातारी म्हणाली. "अजून पितेय ती."