घारीचा नेम

“अंगठा लाव केशरबाई, साहेबायले उशीर होऊन राहिला,” सरपंच पुंडलिकराव तिसऱ्यांदा म्हणाले.

केशरबाईचा अंगठा शाईने निळा झाला होता. कागद जीपच्या बॉनेटवर पसरला होता. पण अंगठा आणि कागद यांच्यात वीतभर अंतर होतं आणि ते काही केल्या कमी होईना. तिच्या मागे, धुऱ्याच्या बांधाखाली, विमानाची टाकी पडली होती. दोन दिवसांपूर्वी ती आभाळातून आली. एकोडी गावात कोणी ती म्हशीएवढी सांगत होतं, कोणी बैलगाडीएवढी. साकोलीच्या बाजारात पोचेपर्यंत तिला इंजिन आणि चार डबेही जोडले गेले होते.

टाकी फुटली होती. सांडलेल्या तेलात केशरबाईचे धानाचे पऱ्हे पिवळे होऊन लोळले होते. रोवणीला तयार झालेली ती रोपं. तिची दीड एकर जमीन आणि घरचा वर्षाचा भात, दोन्ही त्यांच्याच भरवशावर. सत्त्याहत्तर सालचा श्रावण अर्धा सरला होता. नव्याने पऱ्हे टाकायचे दिवस गेले होते.

कागदावर लिहिलं होतं: ‘टाकी रिकाम्या जागी गवतावर पडली. नुकसान नाही.’

“गवत कोनाले म्हनता जी?” केशरबाईने विचारलं.

जीपमधून आलेले हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर आगाशे पुण्याचे. भात त्यांनी ताटातच पाहिलेला. बुटाच्या टोकाने त्यांनी एक पिवळी काडी हलवली. “हे काय, गवतच आहे ना, बाई.”

जमलेल्या गावाने माना डोलावल्या. साहेबाच्या टोपीवर एवढा सोनेरी धागा असताना नाही कोण म्हणणार? पुंडलिकरावांनी तर ‘चांगल्या प्रतीचं गवत’ असं लिहावं म्हणून सुचवलंसुद्धा.

बाईला आपण कोण ते कळलेलं नाही, असं आगाशांना वाटलं. जीपच्या दारावर पंजात बाण धरलेली घार रंगवली होती. तिच्यावर हात ठेवून ते सांगू लागले. घार स्क्वाड्रन त्रेसष्ट साली उभी राहिली. पासष्टात तिने शत्रूचे पूल पाडले, एकाहत्तरात रणगाडे जाळले. देशाचं आकाश राखणं हे तिचं काम. तिची शपथ एकच, नेम हुकायचा नाही. आणि आजवर तो एकदाही हुकलेला नाही. परवा सरावात एका विमानाचं इंजिन अडखळलं. वजन कमी करायला पोटाखालची इंधनाची टाकी सोडावी लागली, ती इथे पडली. आता हा कागद पुरा झाला की वैमानिक मोकळा. नुकसान निघालं, तर त्याच्या छातीवरचा वैमानिकाचा पंखांचा बिल्ला काढून घेतील.

तो वैमानिक जीपमागे उभा होता. पटले त्याचं नाव.

केशरबाईने सगळा इतिहास उभ्याने ऐकला. मग पदर खोचला.

“म्हंजे सरहद्दीपलीकडचा पूल दिसते तुमाले, अन् बुटाखालचे पऱ्हे दिसत नाई? आभाळ राखता म्हने! आभाळ कोन चोरून नेऊन राहिलं जी? इथं धानावरची पाखरं राखाले मानूस भेटत नाई. पाठवा तुमची घार तिकडं, काहीतरी कामाची होईन.”

गाव खो-खो हसलं. पुंडलिकराव तेवढे हसले नाहीत. “केशरबाई, तोंड आवर. देशाचं काम हाय.”

“तुमी तं चूपच बसा सरपंच. आपल्या रोवणीसाठी गावातल्या सगळ्या बाया नेल्या तुमी. मले एक तरी ठेवली? ठेवली असती तं माहे पऱ्हे कवाच उपडून रोवून झाले असते.”

मग ती साहेबांकडे वळली. “घारीचा नेम हुकत नाई नं? मंग सांगा. परवा हुकला, का माह्या पऱ्ह्यावरच धरला होता?”

हुकला म्हणावं तर स्क्वाड्रनची अब्रू जाते. धरला म्हणावं तर कागद जातो. साहेब टोपी काढून घाम पुसू लागले.

“धरला होता, माय.”

आवाज जीपमागून आला. पटले पुढे झाला. तो बालाघाटकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बोली जवळपास इथलीच. आगाशे ओरडले, “पटले, गप्प राहा!” पण त्याने बॉनेटवरचं पेन उचललं होतं. ‘गवतावर’ हा शब्द खोडून त्याने वर लिहिलं, ‘धानाच्या पऱ्ह्यांवर’. ‘नुकसान नाही’ मधलं ‘नाही’ खोडलं. खाली सही केली.

“पऱ्हे हाय हे वरूनच मालूम होतं मले,” तो म्हणाला. “पाहूनच टाकी सोडली.”

निळ्या अंगठ्याचा हात केशरबाईने खाली सोडला. “मालूम होतं? मंग काहून रे बापू?”

“एका बाजूले शाळा होती. बाकी तिन्ही बाजूच्या बांध्यांत बाया वाकून रोवत होत्या. जिथं एकही मानूस नाई, अशी हे एवढीच बांधी दिसली.”

त्या तिन्ही बाजूंच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पुंडलिकरावांची. बायांमध्ये त्यांच्या दोन्ही सुना होत्या, आणि त्या आत्ता गर्दीत पुढेच उभ्या होत्या. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कोट काढून जीपवर ठेवला, धोतर गुडघ्यावर खोचलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या चिखलात उतरून केशरबाईसाठी आपले पऱ्हे उपडायला लागले.