वाटेतला भैरोबा

वेग वाढवायचा म्हणून मुकुंदरावांनी घरच्या गाडीतून इतकं काही काढून टाकलं होतं, की नात्यातल्या एका लग्नाला शैलाताई गाडीत पाट टाकून बसून गेल्या होत्या. मागची सीट गेली, पुढची डावी गेली, एसी गेला. काल डॅशबोर्डवरचा गणपतीही देव्हाऱ्यात परतला.

"अहो, त्याचं कसलं आलंय वजन?"

"विक्रम ग्रॅमाग्रॅमानेच होतात," मुकुंदराव म्हणाले होते.

आज गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर घरगुती गाड्यांच्या वेगाचा विक्रम मोडायचा होता. कडेच्या भैरोबाच्या देवळाच्या पारावर शैलाताई श्वास रोखून उभ्या राहिल्या. गाडी सणसणत आली. वेगाच्या फलकावरचे आकडे चढत गेले, विक्रम अगदी हाताशी आला, आणि नेमकी देवळासमोर गाडी मंदावली. लगेच पुन्हा पळाली, पण विक्रम हुकला तो हुकलाच.

त्या गाडीपाशी पोचल्या तेव्हा मुकुंदराव बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. "पेट्रोल अडकलं असणार."

"इंजिनाला कशाला बोल लावताय? तुमचा हात छातीशी गेलेला पाहिला मी."

मुकुंदरावांनी बॉनेट लावून टाकलं. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात शैलाताईंनी बजावलं होतं, देऊळ दिसलं की गाडी हळू करायची आणि नमस्कार करायचा. तेव्हा ते खो खो हसले होते.

"पुढच्या वर्षी भैरोबाला आधीच सांगून ठेवू, आज यांना घाई आहे म्हणून," शैलाताई म्हणाल्या.

घरी निघताना त्या गाडीत पाट टाकून बसल्या आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तीस वर्षांत या माणसाने आपलं काहीतरी ऐकलंय, हे त्यांना आजच कळलं होतं.