हलगीचा पहिला तास

केळुसकरांनी काठी मारली. ओल्या पोत्यावर मारावी तसा आवाज आला.

खोलीतले साठ-सत्तर लोक एकमेकांकडे बघू लागले. मुंबईचा संगीतकार, अकरा चित्रपट नावावर, आणि साधी हलगी वाजेना. तोपर्यंत व्याख्यान बरं चाललं होतं. विषय होता 'चित्रपटसंगीतातील लोकवाद्ये'. लोक मात्र नट्यांबद्दल काही निघतं का, याची सभ्यपणे वाट बघत होते. बोलता बोलता केळुसकरांचं लक्ष काचेच्या कपाटाकडे गेलं आणि त्यांनी आतली हलगी मागितली. जाफराबादच्या त्या वस्तुसंग्रहालयात वस्तू बाहेर काढायची पद्धत नव्हती. किल्ली सापडायलाच दहा मिनिटं लागली.

त्यांनी पुन्हा मारली. पोतं अधिकच ओलं झालं.

"शेकल्याबिगर बोलत न्हाई ती," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

तो पुंजाराम होता, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला. बोलून गेल्यावर त्याने ओठ मिटले, पण उशीर झाला होता. सगळी खोली मागे वळली होती. कपाटातल्या पाटीवर 'देणगी : काकासाहेब' असं लिहिलेलं होतं, पण हलगी पुंजारामची होती, हे पाहुणे सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा बाप लग्नात, मयतीत, पोळ्याच्या बैलांपुढे, बोलावतील तिथे ती वाजवायचा. मग तो वाजवू लागला. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीने गावकीची कामं सोडली, तेव्हा पुंजारामने हलगी चावडीवर नेऊन ठेवली आणि 'आता हात लावणार न्हाई' असं सांगून तो घरी आला. त्याला अठरा वर्षं झाली होती. चावडीवरून ती काचेत कशी आली, हे पाटीच सांगत होती.

समोर मधल्या खुर्चीत काकासाहेब बसले होते. संग्रहालयाचे अध्यक्ष, शाळेचेही अध्यक्ष. गावात आणखी दोन संस्था असत्या, तर त्यांचेही झाले असते.

"अरे पुंजाराम, तू हायेस का इथं! मंग ये की पुढं. शेक अन् दाखव वाजवून. पाव्हण्यासमोर गावाची इज्जत राख."

पुंजारामच्या शेजारी त्याची मुलगी बेबीनंदा होती. काकासाहेबांच्या शाळेत ती शिक्षिका होती, तात्पुरती. तिला कायम करायचा कागद चार महिने काकासाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. हेही सगळ्यांना ठाऊक होतं. काकासाहेबांना तर जास्तच.

"आबा," ती हळूच म्हणाली, "माझ्या कागदाकडं बघू नका."

पुंजाराम उठून पुढे गेला. हलगीपासून दोन हात लांब उभा राहिला.

"वाजवायची सोडली, काकासाहेब. सोडली ती सोडली. कुणाला शिकायची असंल, तर सांगतो."

काकासाहेब हसले. "आता हलगी शिकायला कोण बसंल रे?"

"मी बसतो," केळुसकर म्हणाले, आणि पांढऱ्या स्वच्छ पायजम्यासकट सतरंजीवर बसले. "सांगा."

शिपायाने चहासाठी स्टोव्ह पेटवला होता. पुंजारामने पातेलं उतरवायला सांगितलं. अकरा चित्रपटांचा संगीतकार स्टोव्हवर हलगी धरून बसला.

"इतकी जवळ न्हाई, कातडं जळंल. फिरवा. फिरवत राहा. बोटानं वाजवून बघा... अजून न्हाई... हां. बस."

बारीक काठी लागते, म्हणून स्वागताच्या फलकाची कामटी मोडून घेतली. 'सुस्वागतम्' एका बाजूने लोंबू लागलं.

केळुसकरांनी वाजवलं. या वेळी आवाज खिडकीतून बाहेर गेला आणि एसटी स्टँडवरची माणसं आत यायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या. पुंजारामचा उजवा पाय ताल धरू लागला, आणि त्याने तो थांबवला नाही.

जालन्याहून आलेला फोटोग्राफर कॅमेरा लावू लागला, तेव्हा काकासाहेबांच्या लक्षात आलं. मुंबईचे पाहुणे खाली आणि आपण वर खुर्चीत. फोटोत हे बरं दिसलं नसतं. त्यांनी वहाणा काढल्या आणि तेही सतरंजीवर उतरले. केळुसकरांनी भोळेपणाने हलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. हलगी गरम होती. काकासाहेब दचकले, पण फोटो निघेपर्यंत हलले नाहीत.

"तुम्ही उभ्याने किती वेळ शिकवणार, गुरुजी? बसा ना," केळुसकर म्हणाले. बसायला तिथे एकच जागा रिकामी होती.

(कागदावर सही झाली ती दहाव्या दिवशी, सोमवारी. आदल्या दिवशी काकासाहेबांचा दुसरा तास होता.)

पुंजारामने आधी मागे, मुलीकडे बघितलं. मग बसला.

काकासाहेबांनी चार ठोके मारले आणि मान वर करून विचारलं, "बराबर हाय का?"

"न्हाई," अध्यक्षांच्या खुर्चीतून पुंजाराम म्हणाला. "पुन्हा."